लातूरच्या अंगणातील सूर्यफुले : फुले ताटाएवढी, पण बी सगळे पोचट

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आमचे घर लातूर शहराच्या कडेला असून घरापुढे बऱ्यापैकी मोठे अंगण आहे. माती अस्सल काळी आहे, म्हणजे उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात चपलेला चिकटून चालणे अवघड करणारी. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी पूर्वेकडच्या कुंपणालगत सूर्यफुलाच्या चौदा बिया टोकल्या. बियाण्याचे पाकीट एका दुकानातून आणले होते. त्यावर भल्या मोठ्या फुलाचे चित्र होते, वाणाचे नाव मात्र कोठेही नव्हते. चौदापैकी बारा रोपे उगवली, माझ्या डोक्याच्या वर गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस प्रत्येक झाडावर जेवणाच्या ताटाएवढे फूल आले. रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहत असत.

खरी निराशा जानेवारीच्या शेवटी झाली. फुले वाळली, मी ती कापून गच्चीवर सुकवली आणि एकमेकांवर घासून बी पाडले. टरफले दिसायला अगदी नीट होती, राखाडी पट्ट्यांची आणि मोठी, परंतु चिमटीत धरून दाबले की ती कागदासारखी चपटी होत होती. शंभर बिया मोजून फोडल्या, तेव्हा त्यांत भरलेले दाणे चार निघाले. सासूबाईंच्या माहेरी औशाकडे पूर्वी शेतभर सूर्यफूल असे. त्यांनी हातात मूठभर बी घेऊन फक्त वजन पाहिले आणि "हे सगळं पोचट हाय" असे सांगितले.

पाणी मी वेळेवर दिले होते, शेणखतही भरपूर घातले होते आणि फुलांवर मधमाश्या रोज येत होत्या. मग दाणा का भरला नाही? दुसरी एक शंका आहे. सूर्यफूल सूर्याकडे वळते असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण आमच्या फुलांनी उमलल्यापासून वाळेपर्यंत कुंपणापलीकडेच तोंड ठेवले आणि ओसरीवरून आम्हांला त्यांची हिरवी पाठच दिसत राहिली. यात माझे काय चुकले, हे जाणकारांनी सांगावे.

गच्चीबाग

ताई, मी परभणीला गच्चीवर बाग करतो. माझ्या अनुभवाप्रमाणे दाणा न भरण्याचे पहिले कारण बोरॉन असते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत बोरॉन असले तरी ते झाडाला सहज मिळत नाही, आणि सूर्यफूल हे बोरॉनची कमतरता लवकर दाखवणारे पीक आहे. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडू लागल्या की एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम बोरॅक्स घेऊन फुलावर फवारावे. बोरॅक्स थंड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून मग उरलेले पाणी मिसळावे. प्रमाण वाढवू नये, कारण जास्त झालेले बोरॉन झाडाला विषासारखे बाधते. फवारणी संध्याकाळी केली म्हणजे मधमाश्यांना त्रास होत नाही.

बालाघाट

बोरॉनचा सल्ला योग्य आहे आणि तो पाळावा, परंतु शंभरात चार दाणे हा आकडा मला बोरॉनचा वाटत नाही. बोरॉन कमी पडले तर दाणे कमी भरतात, ताट वेडेवाकडे होते, पण इतके सरसकट रिकामे राहत नाही. ताई, उत्तर देण्यापूर्वी एकच गोष्ट विचारतो. फूल उमललेले असताना त्याला हात लावल्यावर बोटांना पिवळी भुकटी लागत होती का? एखादे फूल कापून घरात ठेवले असेल, तर त्याखालच्या कापडावर पिवळे डाग पडले होते का?

मांजराकाठ

काका, तुम्ही विचारल्यावर आठवले. दोन फुले मी दिवाणखान्यात फुलदाणीत आठवडाभर ठेवली होती आणि खाली पांढरा टेबलक्लॉथ होता. त्यावर एकही डाग पडला नाही. तेव्हा मला ते चांगलेच वाटले होते.

बालाघाट

मग कारण सापडले, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणतो. तुम्हांला मिळालेले बियाणे फुलदाणीसाठी तयार केलेल्या, पराग नसलेल्या वाणाचे आहे. फुलांच्या व्यापारात परागाचे डाग नको असतात, म्हणून असे वाण मुद्दाम काढलेले आहेत. फूल मोठे आणि टिकाऊ येते, त्यात मधुरसही असतो आणि म्हणूनच मधमाश्या येतात, पण नर भाग वांझ असल्यामुळे त्या फुलाजवळ स्वतःचा पराग नसतो. आसपास दुसरे परागाचे सूर्यफूल नसेल, तर मधमाशी कितीही वेळा येऊन गेली तरी ती रिकाम्या हातानेच येते. दुकानदाराने पाकिटावर वाणाचे नाव आणि ही एवढी माहिती छापून द्यायला हवी होती, कारण ज्याला फूल हवे आणि ज्याला बी हवे त्यांची गरज वेगवेगळी असते.

हे मला ठाऊक असण्याचे कारण सांगतो. आमचे गाव अंबाजोगाईजवळ आहे. पूर्वी आम्ही सूर्यफुलाच्या संकरित बीजोत्पादनाचे प्लॉट घेत होतो. त्यात मादी ओळी आणि नर ओळी वेगळ्या पेराव्या लागतात. मादी ओळीतली झाडे अशीच परागाविना असतात. ही नरवांझ झाडे 1969 साली फ्रान्समध्ये लेक्लर्क या संशोधकाला सापडली आणि तेव्हापासून जगभर संकरित सूर्यफूल करणे सोपे झाले. आपल्याकडे व्यापारी लागवडीसाठी सोव्हिएत रशियातून सूर्यफुलाचे वाण आले तेही 1969 सालीच. आमच्या प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात नर ओळ उगवली नव्हती, तेव्हा त्या बाजूची मादी ओळ तुमच्या बियांसारखीच पोचट निघाली होती. तो कोपरा मी अजून विसरलेलो नाही.

फूल कसे चालते ते एकदा जवळून पाहा. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते हजार-दीड हजार फुलांचे ताट असते. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे वांझ फुले, ती मधमाशीला बोलावण्यापुरतीच असतात. दाणा धरतात ती मधली बारीक फुले, आणि ती सगळी एकाच दिवशी उघडत नाहीत. कडेपासून आत, रोज एक ते चार वेढे, अशी ती आठ-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक बारीक फुलातून पहिल्या दिवशी सकाळी पराग बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच फुलाची दोन टोकांची जीभ बाहेर पडते, जिच्यावर पराग बसावा लागतो. एकाच फुलात नर आधी आणि मादी नंतर अशी ही व्यवस्था असल्यामुळे पराग दुसरीकडून येणे झाडाला मानवते. जुन्या वाणांत तर स्वतःचा पराग फारसा चालतच नाही, नव्या संकरित वाणांत तो बराच चालतो. म्हणून अंगणात बी हवे असेल तर एकच झाड कधीही लावू नये. एकाच आठवड्यात पेरलेली आठ-दहा झाडे जवळजवळ असावीत. वर्षभर फुले दिसावीत म्हणून काही जण दर पंधरा दिवसांनी एकेक बी टोकतात. शोभेसाठी ते छान आहे, परंतु अशा एकट्या फुलाला सोबत मिळत नाही.

तीस वर्षांपूर्वी तुम्ही हेच पाकीट लावले असते, तर कदाचित दाणे भरले असते. तेव्हा लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात सूर्यफुलाची शेते होती, लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने सूर्यफुलाचे वाण आणि संकर काढले, मोंढ्यात सूर्यफुलाची आवक असे. मधमाशी एक-दोन किलोमीटर सहज फिरते, त्यामुळे एखाद्या शेतातला पराग तुमच्या कुंपणापर्यंत आला असता. आता सगळीकडे सोयाबीन आहे. तुमच्या मधमाश्यांनी आणायचे तरी कोठून?

आता तोंडाचा प्रश्न. वळते ते कोवळे झाड. दिवसा देठाची पूर्वेची बाजू जास्त वाढते म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो, रात्री पश्चिमेची बाजू वाढते आणि सकाळी तो पुन्हा पूर्वेला येतो. फूल पूर्ण उमलले की देठाची वाढ थांबते आणि ते कायमचे पूर्वेला तोंड करून राहते. सकाळच्या उन्हाने फूल लवकर तापते आणि मधमाश्या तापलेल्या फुलावर अधिक येतात, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे तुमचे काहीही चुकलेले नाही, फक्त जागा बदलायची आहे. फुले घरातून दिसावीत असे वाटत असेल, तर झाडे घराच्या पश्चिमेला लावा आणि त्यांच्या पूर्वेची बाजू मोकळी ठेवा.

गोदाकाठ

नांदेडहून लिहीत आहे. हा धागा वाचून फार समाधान झाले, कारण माझ्याही चार कुंड्यांत दाणा भरला नव्हता. मला तीन शंका आहेत. कुंडीत सूर्यफूल नीट येते का? रोपे वाढवून मग लावली तर चालतात का? आणि माझ्या एका झाडाचे पान मध्यशिरेपासून काळे पडले, देठ वाकला आणि कळी एका बाजूला पिळवटून वाळली, तो कोणता रोग आहे?

गच्चीबाग

कुंडीचे मी सांगतो. बुटका वाण निवडावा. मॉर्डन हा जुना वाण कमरेएवढाच होतो आणि अडीच महिन्यांच्या आसपास तयार होतो, त्यामुळे गच्चीवर तो मला सर्वांत सोयीचा वाटला. कुंडी किमान 12 इंच खोल हवी आणि एका कुंडीत एकच झाड ठेवावे. उंच वाण हवा असेल तर कापलेला ड्रम घ्यावा. माझे मिश्रण निम्मी काळी माती, उरलेल्यात शेणखत आणि थोडी वाळू, असे असते. निव्वळ काळी माती कुंडीत दगडासारखी बसते. नत्र जास्त झाले तर पाने मोठी होतात, देठ कमजोर राहतो आणि पहिल्या वाऱ्याला झाड आडवे होते, म्हणून शेणखताच्या बाबतीत हात थोडा आखडता घ्यावा. मांजराकाठ ताई, हे तुमच्यासाठीही आहे.

शेंडा खुडल्यावर फांद्या फुटून जास्त फुले येतील, असे समजून मी एकदा तीन झाडांचे शेंडे खुडले होते. एकच खोड असलेल्या वाणात शेंडा म्हणजेच फूल, त्यामुळे ती तिन्ही झाडे वाया गेली. फांद्या फुटणारे वाण वेगळे असतात.

बालाघाट

रोपे करून लावण्याच्या मी विरुद्ध आहे. सूर्यफुलाचे मुख्य मूळ सरळ खाली जाते आणि ते एकदा दुखावले की झाड उंची धरत नाही. बी रात्रभर भिजवावे आणि जिथे झाड वाढायचे आहे तिथेच बोटाच्या दोन पेरांएवढे खोल टोकावे. दोन झाडांत फूटभर आणि दोन ओळींत दीड-दोन फूट अंतर असावे. पाचव्या ते आठव्या दिवशी कोंब वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर टरफलाची टोपी असते. ती हाताने ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर दोन्ही कोवळी दळे तुटतात. माती वाळली असेल तर पाण्याचा हलका शिडकावा केला की टोपी आपोआप गळते. याच दिवसांत चिमण्या आणि खारी कोंब उपटतात, म्हणून आम्ही त्यावर कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घालतो. महिन्याभराने खोडाला मातीची भर द्यावी.

हंगामाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सूर्यफूल तिन्ही हंगामांत येते, पण मराठवाड्यातल्या अंगणासाठी दसऱ्याच्या आसपासची पेरणी सर्वांत चांगली. जुलैत पेरले तर फुलोऱ्यात पाऊस असतो, मधमाशी बाहेर पडत नाही, पराग भिजतो, आणि काळ्या मातीत पाणी साचून मूळही कुजते. फेब्रुवारीत पेरले तर फुलोरा एप्रिलमध्ये येतो आणि पारा चाळिशीकडे गेलेला असतो. त्या उन्हात पराग कमजोर होऊन दाणे पोचट राहतात. थंडीत उगवण जरा रेंगाळते, एवढाच दसऱ्याच्या पेरणीचा तोटा.

गोदाकाठ दादा, तुमच्या झाडाची लक्षणे नेक्रोसिस या विषाणूजन्य रोगाची वाटतात. हा रोग आपल्या देशात 1997 साली कर्नाटकात प्रथम दिसला आणि पुढे त्याने सूर्यफुलाचे फार नुकसान केले. तो फुलकिड्यांमार्फत पसरतो आणि त्याचा मुक्काम गाजरगवतावर असतो. गाजरगवत स्वतः रोगी दिसत नाही, पण त्याच्या परागाबरोबर विषाणू फुलकिड्यांच्या अंगावरून सूर्यफुलावर येतो. यावर औषध नाही. रोगट झाड लगेच उपटून टाकावे, आणि कुंपणाच्या आतबाहेरचे गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट काढावे. आपल्याकडे रिकाम्या प्लॉटवर ते छातीएवढे माजलेले असते. शेजारच्या प्लॉटच्या मालकाला विनंती करून तेही काढून घ्या, हे काम एकट्याच्या अंगणापुरते करून भागत नाही.

पानाच्या कडा पिवळ्या पडून आत वळत असतील तर ते तुडतुडे असतात. त्यावर 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. फुलोऱ्यात मात्र कोणतेही कीटकनाशक मारू नका. एका अळीच्या रागाने फवारलेले औषध त्या आठवड्यातल्या सगळ्या मधमाश्यांना हाकलते.

मांजराकाठ

काका, दादा, तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. पाण्याबद्दल एक विचारायचे राहिले. लातूरकरांना पाण्याची गोष्ट जपून बोलावी लागते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, त्या वर्षी आम्ही अंगणात तुळशीखेरीज काही ठेवले नव्हते. आताही आमच्या बोअरच्या पाण्याने कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो. कमीत कमी पाण्यात सूर्यफूल कसे जगवावे?

बालाघाट

सूर्यफुलाचे मूळ खोल जाते, त्यामुळे काळ्या जमिनीत ते पुष्कळ सोसते. पाणी कमी असेल तर रोज तांब्या-तांब्या देण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा आळे भरून द्यावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. रोजच्या थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात. मात्र तीन वेळा काटकसर करू नये : कळी लागताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी घालावे, साबणाचे पाणी टाळावे. कुंडीत क्षार साचले असतील तर पावसाचे पाणी धरून एकदा भरपूर सोडावे, म्हणजे क्षार तळातून वाहून जातात.

यंदा तुम्ही एक प्रयोग करा. जुन्या पाकिटातले बी शिल्लक असेल तर ते टाकू नका. त्याच्या शेजारी औशाकडून आणलेल्या गावरान बियांची ओळ त्याच दिवशी पेरा आणि काय होते ते इथे लिहा.

मांजराकाठ

प्रयोगाचे सांगायला बऱ्याच महिन्यांनी आले आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात घराच्या पश्चिमेला दोन ओळी टोकल्या, एका ओळीत पाकिटातल्या उरलेल्या सहा बिया आणि दुसरीत सासूबाईंच्या भाच्याने दिलेल्या आठ. पाकिटातल्या पाच आणि गावाकडच्या सातच उगवल्या. गावाकडची झाडे काही दिवस आधी फुलली, तेव्हा मला धास्ती वाटली, पण त्यांचे आतले वेढे उमलत होते त्याच वेळी पाकिटातल्या फुलांचे बाहेरचे वेढे उघडले.

रोज सकाळी आठ वाजता मी दोन्ही ओळींसमोर उभी राहत असे. गावाकडच्या फुलांवरून उठलेल्या फुलोरी माश्यांचे मागचे पाय पिवळेधमक दिसत होते आणि त्याच माश्या पलीकडच्या स्वच्छ, परागाविना असलेल्या ताटावर जाऊन बसत होत्या. तिथे त्या चालल्या की काळपट ताटावर पिवळे बारीक कण राहत. हे मी भिंग घेऊन पाहिले. धुक्यामुळे दोन दिवस माश्या कमी होत्या, तेव्हा मऊ मलमलीचा तुकडा तळहाताला गुंडाळून आधी गावाकडच्या आणि मग पाकिटातल्या फुलावरून हलकेच फिरवला. बोरॅक्सही एकदा फवारला.

पाकळ्या गळताच राघू आले. पहिल्या दिवशी त्यांनी एक अख्खे ताट रिकामे केले. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते, म्हणून मी जुन्या सुती ओढण्या फाडून प्रत्येक फुलाला सैल बांधल्या. ताटाची पाठ लिंबासारखी पिवळी झाल्यावर हातभर देठासह कापून ती ओसरीत उलटी टांगली.

काका, यंदा पाकिटातल्या फुलांचे शंभर दाणे मोजले, त्यांत एकसष्ट भरलेले निघाले. बाहेरचे वेढे अगदी टच्च होते आणि पोचट राहिले ते मधले. गावाकडच्या फुलांत अठ्ठ्याऐंशी भरले.

बालाघाट

ताई, वाचून फार आनंद झाला. मधला भाग थोडा पोचट राहतोच, तिथे अन्नरस शेवटी पोहोचतो. पुढच्या वर्षीसाठी बी ठेवताना फक्त गावाकडच्या ओळीचे ठेवा. पाकिटातल्या झाडांजवळ पराग नसल्याने त्यांची भेसळ या ओळीत झालेली नाही, ते बी आहे तसेच राहिले आहे. पाकिटातल्या फुलांचे बी मात्र आता मिश्र झाले आहे. ते खायला वापरा, पेरले तर उंची आणि फुले कशीही येतील. आणखी एक, ताजे बी लगेच पेरू नका. काढणीनंतर साधारण दीड महिना ते झोपेत असते आणि उगवत नाही. पुष्कळ लोक तेव्हा बियाण्याला दोष देतात.

मांजराकाठ

गावाकडचे बी चांगले उन्हात वाळवून, राख लावून काचेच्या बरणीत भरले आहे आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली आहे : "औशाचे, दसऱ्यानंतर, पश्चिमेला." पाकिटाच्या बियांची सासूबाईंनी लसूण घालून चटणी केली. गोदाकाठ दादा, तुम्हांला बी हवे असेल तर कळवा. सात झाडांचे आहे, त्यातले मूठभर नांदेडला सहज पाठवता येईल.